काठीवरचा जादा थर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. गावात कुणी माझ्या धाकट्या भावाचा विषय काढला की मी विहिरीवरचा पंप बघायला उठायचो. मुलगा फोनवर विचारायचा, "काकांचं नक्की काय झालं होतं?" मी म्हणायचो, "जुनं झालं ते." चर्चमध्ये कुमसाराला गुडघे टेकले की पाद्रीबाबांना रागाची, लोभाची, शेजाऱ्याच्या माडावर ठेवलेल्या नजरेची, सगळी पापं सांगायचो आणि हे एवढं मागे ठेवून उठायचो.

आमच्या वाडीत आजही म्हणतात की माझा भाऊ त्या दिवशी दारू पिऊन सड्यावर, वरच्या कातळपठारावर, गेला आणि हाताशी आलेली नोकरी घालवून बसला. ते खोटं आहे. तो प्यायला नव्हता. ते खोटं पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं. म्हणून ते मागे घ्यायचं कामही माझंच आहे.

मालवण बंदराजवळ माझी शेड होती. लाकडी होड्यांवर फायबर चढवायचं काम मी करायचो. होडी उलटी घालायची, जुना रंग घासून काढायचा, काचतंतूंची जाळी अंथरायची, वर रेझिन लावायचं आणि ते सुकलं की पुढचा थर द्यायचा. माझी एक सवय होती आणि तिच्यावरच माझं नाव चालायचं. ठरलेले थर झाले की होडीच्या मागच्या अंगाला मी माझ्याकडून एक थर जादा द्यायचो. गिऱ्हाइकाला विचारत नसे आणि त्याचं काही लावतही नसे. "ह्येच्याकडची होडी जड येता, पण फुटणा नाय," असं मच्छीमार एकमेकांना सांगायचे. ते माझ्या कानावर यायचं आणि मला फार बरं वाटायचं.

भाऊ मुंबईला होता. तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर तो कॅडी होता. साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागून चालायचं, चेंडू कुठे पडला ते बघायचं, मागतील ती काठी हातात द्यायची. सोमवारी मैदान बंद असे, त्या दिवशी कॅडींना खेळायला मिळायचं. तेवढ्या सोमवारांवर तो खेळ शिकला, आणि असा शिकला की साहेब लोक आपलं कुठे चुकतं ते त्याला विचारू लागले. एका म्हाताऱ्या साहेबांनी खेळ सोडताना त्यांची सगळ्यात लांब काठी त्याला देऊन टाकली. तिला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या पद्धतीची, भरीव लाकडी डोक्याची. आता सगळे धातूच्या पोकळ डोक्याची वापरतात, पण तो तिलाच जपायचा.

दारूही त्याला मुंबईनेच लावली. शेवटी त्याची बायको कंटाळून बांद्याला, तिच्या भावाकडे निघून गेली. मग तोही मुंबई सोडून घरी आला. एक ट्रंक आणि ती काठ्यांची पिशवी. आल्या आल्या वाडीतल्या क्रूसापुढे, आम्ही त्याला खुरस म्हणतो, त्याने मेणबत्ती लावली आणि पुन्हा थेंब घेणार नाही असं बोलला. मी बाजूलाच उभा होतो.

त्याने शब्द पाळला. मे महिन्यात आमच्याकडे खुरसापुढे लादाईन म्हणतात. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात आणि मोठ्या माणसांना थोडी थोडी फेणी. भाऊ चणे घ्यायचा आणि आपला ग्लास खुरसाच्या पायरीवर उलटा घालून ठेवायचा.

"काय रे, गेलासाक टोपी घातलंस?" कुणीतरी चिडवायचं.

"थंडी लागता तेका," तो म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तोही.

भात कापून झालं की तो काठी घेऊन आमच्या मळ्यात उतरायचा. मी बांधावर बसून बघायचो. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण तो काठी फिरवायचा तेव्हा जाळं फेकणाऱ्या जुन्या हातांची आठवण व्हायची. कुठेही झटका नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, "बॉल जाग्यावर आसा, तू जाग्यावर आसस. मगे इतकी मेहनत कसली? आडवा कोण येता तुका?"

"वारो."

"वारो खंय आसा आता? माडाचां पान हलणा नाय."

"काठी हलली काय वारो इलो, दादा."

त्याने कुंपणाजवळ पडलेली माडाची एक सुकी चुडत, म्हणजे झावळी, उचलली आणि माझ्या हातात दिली. "फिरव बघू."

मी फिरवली. पानांनी वारा धरला आणि माझा खांदा मागे ओढला गेला. मग त्याने सगळी पानं ओरबाडून नुसता दांडा दिला. तो सुंकन फिरला. "आता सावकाश फिरव," तो म्हणाला. सावकाश फिरवल्यावर काहीच जाणवलं नाही. "बघलंस? हळू फिरवलंस तर वारो नाय. वेग दुप्पट केलंस तर तो चौपट आडवता. काठी वरसून खाली येता तेव्हा सुरवातीक तेचां कायच कळणा नाय. बॉलाकडे पोचता पोचता वेग सगळ्यात जास्त, आणि थंयच वारो सगळ्यात जास्त अंगार येता. डोक्याक आडवता, दांड्याकव आडवता."

मग त्याने ड्रायव्हर उलटा धरला, डोक्याकडून मुठीत घेऊन, आणि मला डोळे मिटायला सांगितलं. "आयक." काठी फिरली. सूं असा आवाज आला, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर. पुन्हा फिरवली. या वेळी आवाज कानाजवळच येऊन विरून गेला. "ह्यो वायट," तो म्हणाला. "ह्या माणसान सगळो जोर खांद्याकडेच संपवलो. आवाज खाली व्हयो, बॉलाकडे." नंतर कितीतरी दिवस मी घरात बसून मळ्यातून येणारा तो आवाज ऐकायचो. नेहमी खालीच यायचा.

मी होड्यांचा माणूस. त्या दिवशी मी ती काठी हातात घेऊन तिचं डोकं न्याहाळलं. पुढून सपाट, कारण तिथे चेंडू लागायचा. मागून मात्र ते एकदम तोडल्यासारखं होतं. मागून तोडलेली होडी चालते तेव्हा तिच्या मागे पाणी उकळल्यासारखं होतं आणि ते होडीला मागे ओढतं. मागून निमुळती असेल तर पाणी गपचूप मिटतं. मी त्याला म्हटलं, "हेच्या पाठीमागे थोडो शेपूट काढूक व्हयो. वारो मागे खळबळाचो नाय."

तो हसला. "दादा, तुझी होडी एकाच तोंडान चलता. हेचां तोंड फिरत येता."

मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

मग सड्यावर ते रिसॉर्ट उभं राहिलं. पाहुण्यांसाठी त्यांनी गोल्फचा सराव करायला एक पट्टा तयार केला, हिरवळ लावली, लांबवर झेंडे रोवले. शिकवायला माणूस हवा होता. भाऊ विचारायला गेला. तिथला मॅनेजर चांगला होता. म्हणाला, "काका, तुमच्याकडे कागद नाहीत, पण खेळून दाखवा. मालक येणार आहेत, त्यांच्यासमोर." भावाने बांद्याला फोन केला. बायको म्हणाली, नोकरी लागली तर येईन, आणि लागते का ते डोळ्यांनी बघेन. तिचा विश्वास शब्दांवर राहिला नव्हता, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण ती येते म्हणाली. त्या आठवड्यात त्याने घराला चुना काढला आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीला तर दोनदा.

उन्हाने असेल, पण आयत्या वेळी काठीच्या लाकडी डोक्याला भेग गेली. तो ती घेऊन माझ्या शेडीत आला.

"भेगच भर, दादा. दुसरां कायव करू नको. जरा वजन वाढलां तरी सगळां बदालता."

मी भेग भरली. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण माझा हात थांबला नाही. इतक्या वर्षांत माझ्या शेडीतून काहीही जादा थराशिवाय बाहेर गेलं नव्हतं, आणि हे तर माझ्या भावाचं. मला वाटलं, मागून वारा कमी ओढेल, चेंडू चार हात लांब जाईल, मग मी सांगेन की बघ, होडीवाल्याला पण कळतं. मी डोक्याच्या मागच्या अंगाला जाळीचे तुकडे बसवले, रेझिन चढवलं, घासून घासून एक छोटी निमुळती शेपटी काढली आणि वरून सगळं काळं रंगवलं. रेझिनमध्ये हार्डनर कमी पडला होता, त्यामुळे ते लवकर सुकेना. काठी त्याच्या हातात दिली ती खेळून दाखवायच्या दिवशी सकाळीच.

त्याने ती तोलून बघितली. "जड लागता रे."

"ओलां आसा अजून. सुकलां काय हलकां होतलां."

त्याने मागच्या अंगावरून अंगठा फिरवला. "हेचो आकार बदालल्यासारखो दिसता."

"रंगान दिसता तसो."

"कायव वाढवलंस नाय मां?"

"नाय रे. भेगच भरलंय."

त्याने मान हलवली. आमचा बाप लवकर गेला, त्याला शाळेत घालायला मीच नेलं होतं. माझ्या कामाबद्दल मी खोटं बोललेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या हाताला जे कळलं होतं ते त्याने माझ्या शब्दासाठी बाजूला ठेवलं.

सड्यावर आम्ही पोचलो तेव्हा जमिनीकडचा मतलई वारा पडला होता आणि समुद्राचा अजून सुटला नव्हता. त्याने मुद्दाम ती वेळ मागून घेतली होती. मॅनेजर, मालक, त्यांचे काही पाहुणे आणि वाडीतली माणसं जमली होती. कडेच्या काजूच्या सावलीत त्याची बायको उभी होती, खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नव्हती.

त्याने पहिला चेंडू मारला. फिरवणं तेच होतं, आवाज खालीच आला. पण चेंडू सरळ निघाला आणि उजवीकडे वळत वळत काजूंत गेला. दुसराही तसाच. तो थांबला, पाय नीट रोवले, हातांकडे बघितलं. मॅनेजर म्हणाला, "सावकाश, काका. घाई नाही." तिसरा त्याहून वाईट गेला.

"काजी पाडतंस काय रे?" वाडीतलं कुणीतरी ओरडलं. पाहुणे हसले.

तेव्हा तो वळला. त्याने काठी थोडी वर उचलली, तिच्या डोक्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडलं. तो विचारणार होता. सगळ्यांच्या देखत विचारणार होता, आणि मग माझं काम, माझं खोटं, सगळं त्या हिरवळीवर पडलं असतं.

त्याच्या आधी मीच बोललो. मोठ्याने बोललो.

"घेवन इलंस काय रे आयज?"

त्याच्या चेहऱ्यावर आधी काही आलंच नाही. मग तो म्हणाला, "दादा?" एवढंच. मालकांनी मॅनेजरला काहीतरी हळू सांगितलं. बायकोने पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला आणि ती रस्त्याच्या बाजूला चालू लागली. तो तिच्या मागे धावला. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणत होता, "बघ, वास घे, वास घे गो माझो." तिने मान फिरवली. सख्ख्या मोठ्या भावाने विचारलं म्हणजे काहीतरी असणारच, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

त्या संध्याकाळी त्याने काठी माझ्या शेडीच्या दाराशी आणून ठेवली आणि निघून गेला.

सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली. बायको समोर उभी, मालक समोर, हात हलला असेल. शेपटीने काय होणार? ती तर वाऱ्यासाठीच होती. पण मग एकदा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी घरी नेऊन ठेवलेली ती काठी शेडीत घासायला घेऊन चाललो होतो. शेपटी काढून टाकायची आणि काठी गुपचूप त्याच्या दारात ठेवायची, असं ठरवलं होतं. दांडा दोन बोटांत सैल धरून मी काठी बाहेर काढली होती. उतारावर गाडीने वेग घेतला आणि काठीचं डोकं आपोआप फिरलं. मी ते वळवून सरळ केलं. ते पुन्हा फिरलं. शेपटी वाऱ्याच्या मागे गेली आणि तोंड तिला हवं तिकडे. सुकाणू. मी त्याच्या काठीला सुकाणू बसवलं होतं.

त्याने मळ्यात सांगितलं होतं ते मला तेव्हा त्या गाडीवर कळलं. होडीला पाणी नेहमी नाळेकडूनच, पुढच्या टोकाकडूनच लागतं. काठीचं तसं नाही. खाली येताना आधी तिची कड वाऱ्याला सामोरी असते, तोंड वळत वळत अगदी शेवटी चेंडूसमोर येतं. माझी शेपटी त्या शेवटच्या क्षणासाठी केलेली. त्याआधी सगळ्या वाटेवर बाजूचा वारा तिला धरून ठेवत होता आणि तोंडाला वळू देत नव्हता. त्यात मागचं वजन. चेंडू उजवीकडे जाणारच होता. हात चांगला होता म्हणूनच तो तिन्ही वेळा एकाच बाजूला गेला. हललेल्या हाताचे चेंडू चार दिशांना गेले असते.

मी शेपटी घासून काढली. काठी पूर्वीसारखी केली. पण ती त्याच्या दारात ठेवायला जायचं म्हणजे काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि मी उद्या, उद्या करत राहिलो.

तेवढ्यात लादाईन आली. प्रार्थना झाली. भाऊ मागे उभा होता, चणे घेतले आणि ग्लास पायरीवर उलटा घातला. फेणी वाटणारा आमचाच एक चुलत भाऊ. तो त्याच्यापुढे थांबला, ग्लास उचलून सुलटा केला आणि ओतायला लागला.

"आता टोपी कित्याक रे? सड्यार सगळ्यांनी बघलां."

कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला अडवलंही नाही. भावाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात चणे होते. मला तेव्हा सगळं ठाऊक होतं, गाडीवर काठी फिरल्याला आठवडाही झाला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. मी चणे चावत राहिलो.

त्याने ग्लास उचलला आणि प्यायला.

त्यानंतर तो थांबला नाही. दोन पावसाळे गेले. काविळीने अंग पिवळं पडलं तेव्हा मी त्याला इस्पितळात नेलं. एका दुपारी तो बराच वेळ उजव्या हाताची बोटं उघडत मिटत होता. म्हणाला, "दादा, त्या दिवशी हात हललो काय रे माझो? माका कळलांच नाय. तू विचारलंस तेव्हा माका वाटलां, घेतलंय की काय मी, आणि इसारलंय?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. म्हटलं, "नीज आता."

तो गेला तेव्हा पेटीत त्याच्या बाजूला ती काठी ठेवावी असं माझ्या फार मनात आलं. पण लोकांनी विचारलं असतं की ती माझ्याकडे कशी, म्हणून नाही ठेवली. ती अजून माझ्या घरात आहे, कपाटाच्या मागे. अधूनमधून मी ती उलटी धरून फिरवतो. माझा आवाज खांद्याजवळच येतो.

यंदा मी बांद्याला गेलो. इतक्या वर्षांनी. त्याची बायको अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, शेपटीपासून चण्यांपर्यंत. ती बिया पसरत राहिली. सांगून झालं तेव्हा तिचे हात थांबले.

"म्हणजे ते घेवन येवक नव्हते," ती म्हणाली.

"नाय."

"माका म्हणी होते, वास घे. मी घेवक नाय." तिने एक बी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यां माका कित्या सांगतास, भावजी? तेंका सांगूक व्हयां होतां. आणि काय सांगलां असतां तुमी तेंका?"

मला तिच्यासमोर ते तोंडातून काढता आलं नाही. मी एस.टी. पकडून परत आलो. सबंध वाट तेच शब्द जुळवत होतो, आणि ते फार थोडे निघाले. ते इतके थोडे आहेत की सड्यावर, खुरसापुढे, इस्पितळात, कुठेही मावले असते.

बाबू, त्या दिवशी तू एक थेंब घेवक नव्हतंस. माका म्हायत होतां. तुझो हात हलूक नव्हतो रे. काठी मी बिघडवलंय, आणि तू माका विचारशीत म्हणान मी तुका विचारलंय. माका माफ कर.